ऊना

प्रेसच्या क्वार्टरमध्ये पहिल्याच सकाळी
शेजारच्या ठकूबाईंनी विचारलं, नाव काय गं तुझं?
ती म्हणाली, ऊना.
ऊन? बरं झालं बाई, पापड घातलेत,
जरा इकडं येऊन उभी राहा.
हा किस्सा आजीनं शंभरदा सांगितला
आणि दर वेळी पापड वेगळे. उडदाचे, नाचणीचे, एकदा तर बटाट्याचे.

मेयोची ती. म्हणजे आयर्लंड,
म्हणजे शाळेच्या नकाशावर माझ्या नखाएवढं हिरवं.
चव्वेचाळीस साली देवळालीच्या लष्करी इस्पितळात नर्स.
हिवतापानं फणफणलेला एक ऑर्डर्ली
ग्लानीत तिला मावशी म्हणाला
आणि ताप उतरल्यावर लग्नाचं विचारता झाला.
तोच नथानेल रणपिसे, आमचा आजोबा.
लढाई संपली, मैत्रिणी बोटीत बसल्या.
ही टांग्यात.

आजोबा प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं छापायचे.
हजारो, लाखो. पण सुटताना दारावर झडती,
एक तिकीट घरी येईल तर शपथ.
म्हणून दर महिन्याला ती नाशिकरोडच्या पोस्टात रांगेत,
नवऱ्यानंच छापलेलं तिकीट पैसे मोजून घ्यायला,
जिभेनं ओलं करून बहिणीच्या पत्राला चिकटवायला.
म्हणायची, माझी जीभ तेवढी गावी जाऊन येते.

स्वतः कधी गेली नाही.
एकदा पैसे जमले होते. तेव्हा बाबांना विषमज्वर.
पुन्हा जमले, तेव्हा आत्याचं लग्न.
तिसऱ्यांदा जमवलेच नाहीत.
बहिणीच्या मयताची तार आली त्या दिवशी
तिनं गव्हाचं पीठ ताकात भिजवलं, खायचा सोडा घातला,
पातेल्यात ठेवून झाकणावर निखारे रचले,
आणि पावावर सुरीनं फुली काढायची राहिली
म्हणून खूप रडली.

गोवऱ्यांचा धूर तिला आवडायचा.
आमच्याकडं अशीच माती जाळतात, म्हणायची.
माती जळते? आम्ही हसायचो.
ती हसायची नाही.
गंगापूर धरणावर सहलीला नेलं
तर काठावर बसून बोट बुडवलं, चाटलं,
आणि काहीच न बोलता पदराला पुसलं.
डिसेंबरात आम्ही शेकोटीला चिकटलेलो असताना
ही बिनस्वेटरची अंगणात:
ही थंडी नाही रे, थंडीची ओळखीची बाई आहे कुणीतरी.

मराठी अशी की भाजीवाला भाव पाडायचा,
पण तीन लिंगं काही जमली नाहीत अखेरपर्यंत.
गोदावरी आला. पाऊस आली.
एकोणसत्तरच्या पुरात ओरडत सुटली,
पळा, तो चढतोय, तो चढतोय,
आणि ठकूबाई काठी घेऊन चोर शोधायला धावल्या.

नव्वदीनंतर इंग्रजी गळालं आधी.
मग मराठीही, टाक्याटाक्यानं.
उरली ती तिच्या आईची भाषा,
जिच्यात आमच्यापैकी कुणाला पाणीसुद्धा मागता येत नाही.
दूधवाला रंगनाथ मात्र रोज पायरीवर टेकायचा.
ती कितीतरी बोलायची, हातवारे करून,
तो म्हणायचा, खरंय आजी. मग काय तर.
मी विचारलं, कळतं का तुला?
म्हणाला, गाईबद्दल बोलतात. तेवढं कळतं.

सत्त्याण्णवाव्या वर्षी, दुपारी साडेचारला.
घरात माणसं, बाहेर खुर्च्या,
पाद्री यायचे होते सिन्नरहून.
ठकूबाईंची सून वाळवण काढायला गच्चीवर गेली,
वरून नवऱ्याला सांगत होती
चला, ऊन गेलं.

मी खाली उभा.
मान वर करून म्हणालो,
गेलं नाही, वहिनी. गेली.
ऊन गेली.
त्या थबकल्या. मग खाली आल्या,
अर्धे ओले पापड तसेच ताटात घेऊन.